छपरावर लिहिलेले सद्गुण

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणारे आपले चार सरकारी नोकर एकत्र बसले, की देशाच्या दुरवस्थेवर बोलणे येते, आणि ते संपण्यापूर्वी कोणीतरी हमखास म्हणतो, "या देशाला एखादा हिटलरच पाहिजे." असे म्हणणारा मनुष्य दुष्ट नसतो. तो मुलांचा अभ्यास घेतो, शेजाऱ्याच्या आजारपणात रात्री जागतो आणि नऊच्या ठोक्याला कचेरीत खुर्चीवर असतो. किंबहुना तो नऊला येतो म्हणूनच, साडेदहाला डुलत डुलत येणाऱ्या सहकाऱ्याकडे पाहून त्याला हे वाक्य सुचते. ऐकणारेही मान डोलावतात. हे बोलणे गमतीचे समजून कोणी त्याचा प्रतिवाद करीत नाही. माझ्या मते तो केला पाहिजे, आणि आपल्यासारख्या सरकारी नोकरांनी तर सर्वांआधी केला पाहिजे.

हे वाक्य ज्या समजुतीवर उभे आहे ती अशी : शिस्त हा निर्भेळ सद्गुण आहे, तो जर्मनांपाशी ओतप्रोत आहे, आपल्यापाशी औषधालाही नाही, आणि हिटलर म्हणजे त्या सद्गुणाचा जरा अतिरेक करणारा राज्यकर्ता. गेल्या उन्हाळ्यात रीतसर पूर्वपरवानगी काढून, अर्जित रजेवर आणि स्वखर्चाने, मी पाच दिवस बव्हेरियात हिंडून आलो. म्युनिकमध्ये अनेक वर्षे नोकरीस असलेला माझा एक कॉलेजमित्र बरोबर होता. आल्प्सची शिखरे, तळी आणि खिडक्याखिडक्यांतून ओसंडणारी फुले यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. त्यांत मी भर घालीत नाही. त्या पाच दिवसांत जे पाहिले, त्याच्या आधारे वरील समजुतीचा समाचार घ्यावा एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू मांडतो. ती माझ्या मित्राने मोठ्या प्रेमाने मांडली. "रात्रीचे बारा वाजलेले असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसते, तरी इथला माणूस लाल दिव्याशी उभा राहतो. आपल्याकडे होईल का रे हे?" होणार नाही, हे मला मान्य आहे. मात्र गाड्यांच्या वक्तशीरपणाची जी ख्याती आपण घरबसल्या ऐकतो, तिचे खरे रूप त्यानेच हसत हसत सांगितले. जर्मन रेल्वेच्या स्वतःच्याच आकड्यांप्रमाणे २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के गाड्याच वेळेवर पोचल्या. आणि सहा मिनिटांच्या आतील उशीर तेथे उशीर धरीतच नाहीत. तरीही तो देश बुडालेला नाही. लोक कुरकुरतात, वर्तमानपत्रे टीका करतात, मंत्र्यांना जाब विचारतात. याच्या उलट स्थिती १९३३ ते १९४५ या काळात होती, आणि तो देश खरोखर बुडाला तो त्या काळात.

म्युनिकच्या मध्यभागी सेनापतींच्या स्मारकाची एक कमानदार इमारत आहे. १९२३ च्या नोव्हेंबरात हिटलरचा सत्ता बळकावण्याचा पहिला प्रयत्न तिच्याच पुढ्यात पोलिसांच्या गोळीबाराने फसला. पुढे १९३३ मध्ये सत्ता हाती आल्यावर तेथे त्या प्रसंगी पडलेल्या नाझींची स्मृतिशिला बसविण्यात आली, पहारा बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने हात उंचावून सलाम केलाच पाहिजे असा दंडक झाला. इमारतीच्या मागील बाजूस एक अरुंद गल्ली आहे. ज्यांना सलाम करावयाचा नसे ते थोडा वळसा घेऊन त्या गल्लीतून निघून जात. गावाने तिला चुकव्यांची गल्ली असे नाव ठेवले. आज त्या गल्लीच्या फरसबंदीत कांस्याच्या दगडांची एक वळणदार ओळ बसविलेली आहे. ती त्या चुकव्यांची आठवण आहे. शिस्तीने सलाम करून गेलेल्यांचे असे स्मारक मला तेथे कोठे आढळले नाही.

तेथून पायी जाण्याच्या अंतरावर विद्यापीठ आहे. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी तेथे राजवटीविरुद्धची पत्रके ठेवली आणि उरलेली वरच्या मजल्यावरून खालच्या चौकात सोडली. त्यांना पकडले ते गुप्त पोलिसांनी नव्हे, तर विद्यापीठाच्या इमारतीच्या रखवालदाराने. चारच दिवसांनी, २२ फेब्रुवारीस, खटला आणि शिरच्छेद दोन्ही एकाच दिवशी उरकण्यात आले. हान्स चोवीस वर्षांचा होता, सोफी एकवीस वर्षांची. रखवालदाराला ३,००० मार्कांचे बक्षीस मिळाले. तो राक्षस होता असे मला वाटत नाही. इमारतीची व्यवस्था राखणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने तत्परतेने केले. आपण गोपनीय अहवालात ज्याला 'कर्तव्यतत्पर' असा शेरा देतो, तसाच तो मनुष्य असावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्यूसेनजवळचा नॉयश्वानस्टाईनचा प्रासाद पाहावयास गेलो. राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये त्याची पायाभरणी केली, १८८६ मध्ये त्याचा मृत्यू झाला, आणि पुढच्या काही आठवड्यांतच तो प्रासाद तिकीट लावून जनतेस खुला करण्यात आला. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. प्रवासी तेथे छायाचित्रे काढण्यात गर्क असतात, आणि त्यांत काही वावगे नाही. पण याच परीकथेतील वाड्यात युद्धकाळी, फ्रान्समधील ज्यू कुटुंबांकडून लुटलेल्या कलावस्तूंची कोठी होती. आणि १९४५ च्या मे महिन्यात अमेरिकन अधिकारी तेथे पोचले, तेव्हा लुटीबरोबरच तिचे दप्तरही त्यांच्या हाती लागले. वीस हजारांहून अधिक वस्तूंची सूची होती. कोणती वस्तू कोणाच्या संग्रहातून आणली हे नीट लिहिलेले होते, छायाचित्रे आणि नोंदपत्रे क्रमवार लावलेली होती. दरोडेखोर सहसा पावती ठेवीत नाही. या दरोड्याची नोंदवही मात्र आपल्या कोणत्याही अभिलेख कक्षाला लाजवील इतकी चोख होती. ती कोणी ठेवली? आपल्यासारख्याच कोणा कारकुनांनी. माझ्या मनात त्या वाड्याच्या मनोऱ्यांपेक्षा ती नोंदपत्रेच अधिक राहिली.

तिसरा दिवस डाखाऊसाठी होता. मित्राची त्यास हरकत होती. "अरे, पाच दिवसांची सुट्टी, त्यातला एक छळछावणीत कसला घालवतोस? जे झाले ते झाले. इथल्या लोकांनी ते कबूल केले, स्मारक बांधले, आता ते पुढे गेले." मी त्यास म्हटले, की ते पुढे गेले असतील, पण आपण मागे बसून हिटलरची मागणी करीत आहोत, तेव्हा पाहण्याची गरज आपल्यालाच अधिक आहे. तो आला, आणि परतताना लाल दिव्यांविषयी काही बोलला नाही.

डाखाऊ म्युनिकपासून इतके जवळ आहे की उपनगरी गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. छावणी २२ मार्च १९३३ रोजी सुरू झाली. हिटलर चॅन्सेलर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ती उघडत असल्याची घोषणा म्युनिकचा तत्कालीन पोलीसप्रमुख हिमलर याने वर्तमानपत्रांतून उघडपणे केली होती. न्यायालयापुढे न आणता माणसे डांबण्याच्या या व्यवस्थेला 'संरक्षक स्थानबद्धता' असे सरकारी नाव होते. असे सोज्ज्वळ शब्द कोठे बनतात, हे मसुदे लिहिणाऱ्या वाचकांस मी सांगावयास नको. बारा वर्षांत डाखाऊ आणि तिच्या उपछावण्यांत दोन लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली आणि किमान ४१,५०० मेली. २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने तिची मुक्तता केली.

त्या छावणीच्या मुख्य इमारतीच्या छपरावर, कवायतीच्या मैदानात उभ्या असणाऱ्या कैद्यांना दिसेल अशा मोठ्या अक्षरांत, स्वातंत्र्याचा मार्ग रंगविलेला होता. त्या मार्गावरचे टप्पे म्हणून सद्गुणांची एक यादी दिलेली होती : आज्ञापालन, उद्योग, प्रामाणिकपणा, व्यवस्था, स्वच्छता, मातृभूमीवरील प्रेम, इत्यादी. वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. आपल्या शाळांच्या भिंतींवर, आपल्या कार्यालयांच्या जिन्यांत, आपल्या निवृत्तिसमारंभांतील भाषणांत नेमके हेच शब्द असतात. आणि हे शब्द तेथे नुसते शोभेचे नव्हते. बराकीतील गवताची गादी काटकोनात लागली नाही, कपाटातील भांडे पुरेसे चकचकीत नसले, तर त्याबद्दल शिक्षा ठरलेल्या असत. व्यवस्था आणि स्वच्छता यांचा असा कडेकोट अंमल जगात क्वचितच कोठे झाला असेल. ज्यांना शिस्त हा स्वयंपूर्ण सद्गुण वाटतो, त्यांनी या छपराचे काय करावयाचे ते सांगावे. माझ्या मते याचे उत्तर एकच आहे : आज्ञापालन, उद्योग, व्यवस्था ही साधने आहेत, ती कोणाच्या आणि कशाच्या कामी लागतात यावर त्यांचे मोल ठरते.

"पण हे सारे त्यांचे आपसांतले भांडण, त्याच्याशी आपला काय संबंध?" असेही मी ऐकले आहे. तेथील दहनगृहात एक लहानसा फलक आहे. १३ सप्टेंबर १९४४ रोजी तेथे ठार मारलेल्या चार स्त्रियांची नावे त्यावर आहेत. त्या ब्रिटिशांच्या गुप्त सेवेत होत्या, आणि त्यांपैकी एक नूर इनायत खान. तिचे वडील, सूफी गायक हजरत इनायत खान, यांचा जन्म १८८२ साली बडोद्यास झाला. तिचे पणजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या दरबारातील नामांकित गवई. पॅरिसमध्ये बिनतारी यंत्रावरून संदेश पाठविणाऱ्या या मुलीने पकडली गेल्यावर सहकाऱ्यांची नावे सांगितली नाहीत. बडोद्यातील एका गवयाच्या घराण्याचा धागा डाखाऊच्या भट्टीपाशी तुटला. आता संबंध नाही असे कोणी म्हणावे?

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. याच डाखाऊची एक हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. आणि तिचा नायक एक सरकारी नोकर आहे. छावणी सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच १२ एप्रिल १९३३ रोजी चार ज्यू कैद्यांना पळून जाताना गोळ्या घालाव्या लागल्या, असे छावणीने कळविले. तुरुंगातील अनैसर्गिक मृत्यूची चौकशी सरकारी वकिलाच्या कचेरीने करावी, हा कायदा तेव्हा अजून जिवंत होता. म्युनिकच्या त्या कचेरीतील योझेफ हार्टिंगर नावाचा दुय्यम सरकारी वकील डाखाऊस गेला. त्याच्याबरोबर मोरिट्झ फ्लाम हा सरकारी वैद्य होता. त्यांनी जागा पाहिली, प्रेते तपासली, आणि पळून जाण्याची कथा खोटी आहे हे ओळखले. पुढील आठवड्यांत आणखी मृत्यू झाले. त्यांचीही त्यांनी तशीच तपासणी केली. वरिष्ठ आरंभी ऐकावयास तयार नव्हते. हार्टिंगरने तरीही पुराव्यानिशी नस्ती तयार केली आणि छावणीच्या कमांडंटवर खुनाच्या प्रकरणी आरोप ठेवण्यापर्यंत ती नेली. परिणाम असा झाला, की हिमलरला तो कमांडंट बदलावा लागला. खटले मात्र वरच्या पातळीवर दडपण्यात आले. फ्लाम १९३४ मध्ये मरण पावला. हार्टिंगर युद्धातून वाचला आणि १९८४ पर्यंत जगला. आणि १९३३ मधील त्या मृत्यूंचे कागद पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून सादर झाले.

हा मनुष्य क्रांतिकारक नव्हता. त्याने बाँब फेकला नाही, पत्रके वाटली नाहीत. जे त्याचे नेमून दिलेले काम होते तेच, भोवतालचे सगळे ते सोडून देत असताना, त्याने केले. एकाच गावात, एकाच काळात, हार्टिंगरही कर्तव्यतत्पर होता आणि विद्यापीठाचा रखवालदारही. पण रखवालदाराची निष्ठा हुकमाशी होती, हार्टिंगरची कायद्याशी. जर्मन शिस्त म्हणून आपण ज्या एका गोष्टीची आरती करतो, त्या वस्तुतः या दोन गोष्टी आहेत. आणि १९३३ साली पहिलीने दुसरीचा गळा घोटला. हिटलर हवा म्हणणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावे, की हिटलरने कायद्याचे राज्य कडक केले नाही, ते मोडले.

यावर कोणी म्हणेल, की मग सारे काही लेखी नियमांनी बांधले म्हणजे झाले. तसेही नव्हे. बदललेल्या कमांडंटच्या जागी थिओडोर आइके आला, आणि त्याने १ ऑक्टोबर १९३३ रोजी छावणीसाठी शिस्तीचे व शिक्षांचे लेखी नियम जारी केले. कोणत्या अपराधास किती फटके आणि कोणत्यास मृत्यू, हे सारे त्यांत नमूद होते. पुढे तेच नियम इतर छावण्यांना नमुना म्हणून लागू झाले. फरक एवढाच होता, की या नियमांवर बाहेरून येऊन प्रश्न विचारण्याचा अधिकार आता कोणा हार्टिंगरला उरला नव्हता. नियम लिहिलेला असणे आणि नियमावर प्रश्न विचारता येणे, ही दोन्ही मिळून कायदा होतो. पहिलेच असेल तर ते निव्वळ शिस्तीचे पुस्तक.

शेवटचे दोन दिवस न्यूरेंबर्गसाठी होते. १९३५ च्या सप्टेंबरात याच गावी, पक्षाच्या मेळाव्याच्या वेळी, ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे संमत झाले. आणि नोव्हेंबरातील पुरवणी हुकमाने ज्यू कोण हे आजी-आजोबांच्या संख्येवरून ठरविण्यात आले. ही मोजणी कोण करणार? चर्चच्या नोंदवह्या आणि जन्माचे दाखले चाळणारे कारकून. त्या कायद्यांचे भाष्य लिहिणाऱ्यांत गृहमंत्रालयातील हान्स ग्लोबके होता, आणि हाच गृहस्थ १९५३ ते १९६३ अशी दहा वर्षे पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलर कार्यालयाचा प्रमुख होता. त्याच न्यूरेंबर्गच्या न्यायमंदिरातील सहाशे क्रमांकाच्या दालनात २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत नाझी पुढाऱ्यांचा खटला चालला. वरिष्ठांची आज्ञा होती या सबबीने कोणी जबाबदारीतून सुटत नाही, हे तत्त्व त्या न्यायाधिकरणाच्या सनदेतच घातलेले होते. ज्या बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, त्यांत माजी गृहमंत्री विल्हेल्म फ्रिक होता. हा कायद्याचा पदवीधर असून त्याची उमेदीची वर्षे म्युनिकच्या पोलीस कचेरीत गेली होती. आपल्या लाकडी बाकांसह ते दालन आज पाहता येते. मी तेथे बराच वेळ बसलो होतो.

या सगळ्यातून जर्मनांनी काय शिकले ते पाहावयाचे असेल, तर त्यांचा लाल दिवा पाहू नये. त्यांचा सेवाकायदा पाहावा. आजच्या संघीय सेवक कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रत्येक अधिकारी आपल्या कृतीच्या कायदेशीरपणाबद्दल व्यक्तिशः जबाबदार आहे. हुकमाबद्दल शंका असेल, तर ती वरिष्ठांकडे विनाविलंब मांडणे हे त्याचे कर्तव्य ठरविलेले आहे. आणि हुकूम मानवी प्रतिष्ठेवर घाला घालणारा किंवा उघड गुन्हा असेल, तर वरिष्ठांनी तो कायम केला तरी पाळावयाचा नाही. हीच खरी आजची जर्मन शिस्त. तिची आयात करा असे कोणी म्हणेल, तर मी त्याच्या पाठीशी उभा राहीन.

आणि आपल्याकडे असे काहीच होणार नाही, असे कृपा करून कोणी सांगू नये. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळाची आठवण वडीलधारी मंडळी आजही 'गाड्या वेळेवर धावत होत्या' अशी काढतात. त्या काळाची बरोबरी मी डाखाऊशी करीत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. परंतु आणीबाणी उठल्यावर शाह आयोगापुढे अधिकाऱ्यांनी जी उत्तरे दिली, त्यांत 'हुकूम तोंडी होता, वरून आला होता' हे उत्तर वारंवार येते. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. आपल्यातील प्रत्येकाने तो आपल्या कचेरीच्या भिंतींआड ऐकलेला आहे.

वास्तविक आपल्या हातीही काही साधन आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील नियम ३ असे सांगतो, की वरिष्ठांचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी द्यावाच लागला, तर तो त्यांनी लगेच लेखी कायम करावा. आणि ज्याला तोंडी आदेश मिळाला, त्याने त्याची लेखी पुष्टी शक्य तितक्या लवकर मागून घ्यावी. ही मागणी करणे बेशिस्त नाही; न करणे हा नियमभंग आहे. हा नियम आपल्यापैकी बहुतेकांनी खात्याच्या परीक्षेपुरता पाठ केला आणि मग विसरून गेलो. जर्मन कायदा याच्या एक पाऊल पुढे जातो, आणि आपल्यालाही तेथवर जावे लागेल. पण आहे ते तरी वापरावयास कोणी मना केलेले नाही.

साडेदहाला येणाऱ्या सहकाऱ्याचा मलाही संताप येतो. त्याच्यासाठी हजेरीपुस्तक आहे, ज्ञापन आहे, विभागीय चौकशी आहे. ती शस्त्रे वापरण्याचा आपल्याला कंटाळा येतो, म्हणून आपण हिटलरची आठवण काढतो. उद्या पुन्हा कोणी ती काढली, तर त्यास विचारावे : तुमच्या टेबलावर तोंडी हुकूम येईल, तेव्हा तुम्ही 'साहेब, हे लेखी द्या' असे म्हणाल काय? ज्याच्याने हे म्हणवत नाही त्याने शिस्तीच्या गोष्टी सांगू नयेत. असे म्हटल्याने फार तर बदली होते. आणि बदलीचे भय आपल्याला कोणी काय घालावे? आपण तर आधीच घरापासून शेकडो मैल दूर आहोत.